दोन मिनिटांच्या स्तब्धतेनंतर

११ जुलै २००६ च्या सायंकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील उपनगरी गाड्यांत सात बॉम्बस्फोट होऊन १८० हून अधिक माणसे प्राणास मुकली. प्रस्तुत लेखक त्या वेळी एका महाविद्यालयात अधिव्याख्याता म्हणून नुकताच रुजू झाला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन मिनिटे स्तब्धता पाळली, हजेरी घेतली आणि मागणीची लवचीकता शिकविण्यास प्रारंभ केला. शहर थांबलेले नाही, तेव्हा आपणही थांबू नये, अशी समजूत होती. सत्राअखेर अपुऱ्या हजेरीची यादी फलकावर लागली. स्फोटात वडील गमावलेल्या एका विद्यार्थ्याचा क्रमांक तीत होता आणि यादीखाली स्वाक्षरी प्रस्तुत लेखकाची होती. तो विद्यार्थी पुन्हा वर्गात आला नाही.

पुढे नऊ महिन्यांनी, १६ एप्रिल २००७ रोजी, अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात तेथीलच एका विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात २७ विद्यार्थी व ५ अध्यापक मृत्युमुखी पडले. मृतांत मुंबईहून उच्च शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनीही होती. धोक्याचा इशारा देण्यास विद्यापीठाने विलंब केला, असा ठपका चौकशी समितीने ठेवला. तो गंभीरच होता. परंतु त्यानंतर विद्यापीठाने जे केले, त्याचा आपण विचार करावयास हवा. उरलेला आठवडा वर्ग बंद ठेवण्यात आले. २३ एप्रिलला ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा १६ एप्रिलपर्यंतच्या कामावर मिळणारी श्रेणी स्वीकारून सत्र संपवावे की उरलेला अभ्यास पूर्ण करावा, हे विद्यार्थ्यांनी ठरवावयाचे होते. मे महिन्यातील पदवीदान समारंभात मृत विद्यार्थ्यांना मरणोत्तर पदव्या देण्यात आल्या.

सांगण्याचा मुद्दा असा की, शिक्षणसंस्थेचे सांत्वन तिच्या शोकसभेत कमी आणि तिच्या नियमांत अधिक दिसते. आपत्तीची किंमत कोणीतरी मोजतोच. ती कोणाच्या माथी पडते एवढाच प्रश्न असतो. नियम तसूभरही न हलविणारी संस्था ती किंमत सर्वांत दुबळ्याच्या माथी मारते. घरातील कर्ता पुरुष गेला की मुलाला रुग्णालय, पोलीस ठाणे आणि नुकसानभरपाईची कचेरी यांच्या फेऱ्या घालाव्या लागतात; कित्येकदा नोकरीही शोधावी लागते. ज्याला आपण मुंबईचे ‘स्पिरिट’ म्हणून गौरवितो, त्यात धैर्य आहेच. पण दिवसाचा रोज बुडू नये ही विवंचनाही आहे.

सवलतींचा गैरफायदा घेतला जाईल, परीक्षेचे गांभीर्य राहणार नाही, असा आक्षेप येईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु परीक्षेची तारीख बदलल्याने प्रश्नपत्रिका सोपी होत नाही. चार लबाडांना मुदत मिळेल या भीतीने एका खऱ्या दुःखिताचे वर्ष बुडविणे हा कोणता हिशेब?

शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. हे स्वागतार्ह आहे. तथापि समुपदेशकाच्या दारापर्यंत बहुतेक मुले आपण होऊन जात नाहीत. वर्गात मात्र ती शिक्षकाच्या समोरच असतात. म्हणून काही जबाबदारी आपलीच आहे. घडलेल्या घटनेचा वर्गात स्पष्ट उल्लेख करावा, उपदेश करू नये. बोलू इच्छिणाऱ्यास बोलू द्यावे, गप्प राहणाऱ्यास गप्प राहू द्यावे. संशयाचे बोट ज्या समाजाकडे वळते, त्या समाजातील मुले शोकाबरोबर भीतीही घेऊन बाकावर बसलेली असतात. त्यांना कोणी टोमणा मारणार नाही, हे शिक्षकानेच पाहिले पाहिजे. पहिल्या आठवड्यात सारेच विचारपूस करतात. दीड-दोन महिन्यांनी, चाचणीच्या सुमारास, जो मुलगा दिसेनासा होतो त्याच्या घरी कोणी जात नाही.

अशा प्रसंगी हजेरीची अट शिथिल करण्याचा व फेरपरीक्षा घेण्याचा अधिकार प्राचार्यांना असावा आणि त्यासाठी विद्यार्थ्याला दाखले गोळा करीत फिरावे लागू नये, असा नियम विद्यापीठांनी आताच करून ठेवावा. दुर्घटना घडल्यानंतर समिती नेमून तो तयार होईपर्यंत अपुऱ्या हजेरीची यादी फलकावर लागलेली असते.