क्लाउड जागा खातो, हा आरोप अर्धाच खरा

‘माझं सगळं क्लाउडवर आहे, मग सी ड्राइव्ह लाल कशी?’ हा प्रश्न आता हिशेबनिसापासून पीएच.डी.च्या विद्यार्थ्यापर्यंत कुणाच्याही तोंडी असतो. २५६ जीबीचा म्हणून विकत घेतलेला लॅपटॉप विंडोजच्या मोजणीत मुळातच २३८ जीबीचा दिसतो. त्यातून विंडोज आणि त्याची अपडेट आपला वाटा काढून घेतात. उरलेली जागा बघता बघता संपते आणि शोध घ्यायला गेलं की बोट वळतं ते वनड्राइव्हकडे, गूगल ड्राइव्हकडे, नाहीतर ड्रॉपबॉक्सकडे. मग वाद पेटतो. मालक म्हणतो, कंपनीने फसवलं. दुरुस्तीला आलेला जाणकार म्हणतो, कंपनीचा काय दोष, तुम्हालाच सेटिंग कळत नाही. माझ्या मते दोघांचंही चुकतं; पण जाणकाराचं जास्त चुकतं.

आधी मालकाची बाजू तपासू. बँकेच्या लॉकरमध्ये दागिने ठेवले की घरचं कपाट मोकळं होतं, तसंच क्लाउडचंही असेल असं तो धरून चालतो. पण हे वचन त्याला कुणी दिलेलं नव्हतं. ड्रॉपबॉक्स २००८ साली लोकांसमोर आला तो एका साध्या फोल्डरच्या रूपात. त्यात टाकलेली फाइल तुमच्या डिस्कवर राहणार, तिची एक प्रत सर्व्हरवर जाणार आणि घरच्या संगणकावरच्या त्याच फोल्डरात आणखी एक प्रत उतरणार, एवढंच त्याचं काम. पेन ड्राइव्ह खिशात घालून घर आणि ऑफिस यांच्यामध्ये हेलपाटे घालणाऱ्यांना तीच मोठी चैन वाटली. प्रती वाढवणं हा या यंत्रणेचा धंदाच होता. जागा वाचवण्याचं कलम तिच्या करारात नव्हतं.

गैरसमजाचं मूळ दुसरीकडे आहे. आपल्यापैकी बहुतेकांची क्लाउडशी ओळख झाली ती ब्राउझरमधल्या जीमेलमधून, नाहीतर फोनमधल्या फोटोंच्या ॲपमधून. तिथे ‘जागा मोकळी करा’ म्हटलं की फोनमधली प्रत जाते आणि फोटो तरी दिसत राहतो. तीच अपेक्षा आपण संगणकावरच्या फोल्डरला लावली. अपेक्षा अजिबात मूर्खपणाची नाही, पण ती चुकीच्या पत्त्यावर गेली.

शिवाय ज्याच्यावर संशय, तो दर वेळी गुन्हेगार असतो असंही नाही. विंडोजमध्ये वनड्राइव्हच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. तिथे दोन आकडे दिसतील: ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’. पहिला ८० जीबी असेल आणि दुसरा जेमतेम काही एमबी, असं सहज होऊ शकतं. पहिला आकडा फाइल पूर्ण उतरवली तर किती भरेल ते सांगतो, दुसरा आज डिस्कवर खरोखर काय आहे ते. जागा मोजून देणारी काही साधनं पहिलाच आकडा धरून बेरीज करतात आणि लाल-पिवळ्या चौकोनांत ‘वनड्राइव्ह ८० जीबी’ असं ठळक दाखवतात. निळ्या ढगाचं चिन्ह असलेली फाइल म्हणजे नुसती नावाची पाटी. अशा पाट्यांच्या नावाने शंख करण्यात अर्थ नाही.

खरा चोर पुष्कळदा शेजारीच बसलेला असतो. गूगल ड्राइव्ह ‘स्ट्रीम’ पद्धतीने, म्हणजे फाइली क्लाउडवर ठेवून लागतील तशा उतरवत, चालू असेल, तर तो संगणकात वेगळ्या ड्राइव्हसारखा दिसतो, बहुधा ‘जी’ या अक्षराने. माणूस डॉक्युमेंट्समधलं लग्नाच्या फोटोंचं फोल्डर माउसने उचलतो आणि त्या ड्राइव्हवर नेऊन सोडतो. त्याला वाटतं, हलवलं. पण एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर ओढलेलं फोल्डर विंडोज हलवत नाही, त्याची प्रत करतं. मूळ फोल्डर सी ड्राइव्हवर जागच्या जागी राहतं. आणि ती नवी प्रत अपलोड होईपर्यंत कुठे थांबते? गूगलच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पुन्हा सी ड्राइव्हवरच, नेहमीच्या नजरेला न दिसणाऱ्या ‘ॲपडेटा’ फोल्डरात. जागा मोकळी करायला निघालेला माणूस काही काळ तरी दुप्पट जागा अडवून बसतो. ड्रॉपबॉक्सचंही असंच एक लपलेलं कॅश फोल्डर आहे. पुसलेल्या फाइली त्यात साधारण तीन दिवस पडून राहू शकतात. फाइल पुसली, कचऱ्याची टोपली रिकामी केली, तरी आकडा हलेना, म्हणून वैतागलेल्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

इथून मी जाणकाराकडे वळतो. त्याचा युक्तिवाद असा: सगळे पर्याय मेनूमध्ये दिलेले आहेत, गूगलमध्ये स्ट्रीम की मिरर (म्हणजे सगळ्याच फाइलींची प्रत डिस्कवर) ते निवडता येतं, वनड्राइव्हमध्ये ‘फ्री अप स्पेस’ आहे, ड्रॉपबॉक्समध्ये हवी तेवढीच फोल्डरं उतरवता येतात, मॅकमध्ये ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ आहे, वाचायचं नाही आणि ओरडायचं, हे कसं चालेल?

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण पर्याय असणं आणि माणसाने तो निवडलेला असणं यांत फरक आहे. आणि फाइल दिसावी पण इथे नसावी, की दिसते तर इथेच असावी, हा प्रश्न तर कंपन्यांनाही अनेक वर्षं सुटलेला नव्हता. मायक्रोसॉफ्टचाच इतिहास पाहा. २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये त्यांनी नावाच्या पाट्यांची युक्ती आणली. फाइली यादीत दिसत, आत काही नसे. लोक नेटशिवाय प्रवासात फाइल उघडायला जात आणि ती उघडत नसे. लोकांचा गोंधळ होतो, असं सांगून कंपनीने विंडोज १० मधून ही सोय काढून टाकली. आता जे फोल्डर सिंक करायचं ते अख्खं उतरणार. लगेच उलटी बोंब सुरू झाली, की छोट्या डिस्कच्या लॅपटॉपवर आमचा डेटा मावत नाही. शेवटी ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘फाइल्स ऑन-डिमांड’ या नावाने पाट्या परत आल्या, या खेपेला ढग आणि हिरवी खूण अशी चिन्हं लावून. ज्या प्रश्नावर एवढ्या मोठ्या कंपनीने चार वर्षांत दोनदा मत फिरवलं, तो प्रश्न एखाद्या निवृत्त शिक्षकाने मेनू वाचून क्षणात सोडवावा, ही अपेक्षा कुठल्या न्यायाची?

चिन्हंही साधी नाहीत. पांढऱ्या गोलातली हिरवी खूण म्हणजे फाइल सध्या इथे आहे. भरीव हिरव्या गोलातली पांढरी खूण म्हणजे ती कायम इथेच राहील. दोन्हींत जागा भरतेच. चष्मा पुसून पाहिलं तरी हा भेद पटकन कळत नाही. आणि निळा ढग हिरवा होण्यासाठी डबल क्लिकशिवाय काही लागत नाही. फाइल उघडली की ती उतरते, आणि वाचून बंद केली म्हणून परत ढगात जात नाही. वापरात नसलेल्या फाइली आपोआप परत पाठवायच्या, तर विंडोजच्या ‘स्टोरेज सेन्स’ला तसं वेगळं सांगून ठेवावं लागतं. मॅकमध्ये उलट तऱ्हा. तिथे काय ठेवायचं आणि काय काढायचं ते यंत्र ठरवतं. ‘ही फाइल इथेच ठेव’ असं आयक्लाउड ड्राइव्हला सांगायची सोय २०२४ च्या मॅकओएस सिकोयापर्यंत नव्हती. गूगलचं आणखी निराळं: मिररवरून स्ट्रीमवर आलात तरी आधी उतरलेलं फोल्डर डिस्कवर तसंच राहतं, ते आपल्या हाताने काढावं लागतं. प्रत्येकाची परिभाषा वेगळी, प्रत्येकाचा मूळ पर्याय वेगळा. २०२४ मध्ये तर विंडोज ११ नव्याने बसवताना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स न विचारताच वनड्राइव्हमध्ये जात असल्याच्या बातम्या आल्या. ज्याला विचारलंच नाही, त्याने सेटिंग वाचलं नाही असा ठपका ठेवणं हा निव्वळ उद्दामपणा आहे.

या सगळ्यात घातक सल्ला मात्र तिसऱ्याच कुणाचा असतो: ‘जागा हवी ना? मग पुसून टाक, क्लाउडवर आहेच की.’ सिंक चालू असलेल्या फोल्डरातून फाइल पुसली, की ती क्लाउडवरूनही जाते आणि जोडलेल्या प्रत्येक संगणकावरूनही. सामायिक फोल्डर असेल तर दुसऱ्यांचंही काम जातं. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात आणि गूगल ड्राइव्हमध्ये ती टोपलीत ३० दिवस सापडते, पुढे नाही. ‘फ्री अप स्पेस’ आणि ‘डिलीट’ हे दोन पर्याय एकाच मेनूत असतात. सल्ला देणाऱ्याने त्यांतला कोणता म्हणायचा ते तरी नीट म्हणावं.

तर मग माझं म्हणणं काय? डिस्कवरची प्रत ही चूक नाही, ती हवीच. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी नेट गेलं, तालुक्याच्या गावी रेंज नाही, खात्याचा पासवर्ड अडला, अशा वेळी हाताशी असलेली फाइलच कामाला येते. जागा शून्य आणि सोय पूर्ण, असा सौदा नसतो. उदाहरणार्थ, गूगल डॉक्समध्ये लिहिलेला लेख ड्राइव्हच्या फोल्डरात दिसतो, पण ती नुसती दुव्याची फाइल असते. अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन ‘बॅकअप झाला’ म्हणणाऱ्याच्या हाती लेखातलं एक अक्षरही आलेलं नसतं. तेव्हा क्लाउडने इथली जागा घेऊ नये, ही मागणी मी करणार नाही. घेण्याआधी विचारावं, एवढीच माझी मागणी आहे. सिंक सुरू करताना एकच वाक्य पुरे: या संगणकावर एवढे जीबी उतरतील, शिल्लक एवढे राहतील, उतरवू का? आणि तेही मराठीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं की, लोकांना प्रश्न विचारले की ते गोंधळतात. मला हे पटत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो, व्हिडिओ मोबाइल डेटावर उतरवायचे की वाय-फायवर, हे सेटिंग घरोघरच्या आज्यांनीही नातवंडांकडून बदलून घेतलेलं आहे, कारण तिथे काय खर्च होणार ते त्यांना समजलं. डिस्कच्या बाबतीत ते समजूच दिलं जात नाही.

‘त्यापेक्षा मोठी डिस्क घ्या’ हा शहाजोग सल्लाही येतोच. गूगल, ॲपल, ड्रॉपबॉक्स या सगळ्यांच्या २ टीबीच्या योजना आहेत, आणि आपल्याकडचे नेहमीचे लॅपटॉप येतात ५१२ जीबीचे, फार तर १ टीबीचे. मिरर चालू असेल आणि योजना भरत गेली, तर ती डिस्कही एक दिवस भरणारच. दुकानात जाण्याआधी गूगल ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये मिरर आहे की स्ट्रीम ते पाहा, मग ‘साइझ ऑन डिस्क’चा आकडा पाहा, आणि जुनं उतरलेलं फोल्डर कुठे राहून गेलंय का ते शोधा. एवढं करूनही जागा पुरली नाही, तर खुशाल नवी डिस्क घ्या.