पहिली चिठ्ठी कोणाची?

मुलांनो, नाटकात राजा कोण होणार यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, की आपल्या क्युपर्टिनोच्या वर्गात "मी आधी!" अशी ढकलाढकली होते. "शेवटच्याला काय उरणार?" ही आईबाबांची कुरकुर वेगळीच! मला ती पटत नाही. हिशेब करा. चिठ्ठ्या ५, राजा एक. पहिल्याची संधी १/५. शेवटच्याला राजा मिळायला आधीच्या चौघांच्या कोऱ्या निघायला हव्यात. काढलेली चिठ्ठी परत टाकत नाही, म्हणून दर वेळी एक कमी : ४/५ × ३/४ × २/३ × १/२ = १/५. तेवढीच! महाराष्ट्रात महापालिकांचे महिला-राखीव प्रभागही सोडतीने ठरतात. चिठ्ठ्या अनेकदा शाळेतली मुलेच काढतात. तेव्हा भांडू नका. सर्वांत लहानाला पुढे जाऊ द्या आणि चिठ्ठ्या सगळ्यांनी एकदम उघडा!