सुभेदार सीताराम आणि त्याचा मुलगा

सीताराम पांडे या अवधच्या सुभेदाराच्या आत्मकथनाविषयी जे लिहिले जाते, ते बहुतेक एकाच प्रश्नाभोवती घुटमळते: हे पुस्तक खरे की बनावट? प्रश्न क्षुल्लक नाही. बंगाल फौजेतील नॉर्गेट या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ साली लाहोरहून ते इंग्रजीत प्रसिद्ध केले. एका निवृत्त सुभेदाराने स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या हस्तलिखिताचा हा अनुवाद, असे त्याचे म्हणणे. पण ते हस्तलिखित पुढे कधीच उजेडात आले नाही. कथनातील पलटणींचा आणि सालांचा मेळ घालताना अभ्यासकांची दमछाक होते. त्यात आणखी एक मौज अशी, की या इंग्रजी पुस्तकाचा उर्दू अनुवाद करून तो गोऱ्या अधिकाऱ्यांच्या भाषापरीक्षेला नेमण्यात आला. म्हणजे शिपायाची बोली शिकण्यासाठी साहेब जे वाचत होते, ते साहेबाच्याच इंग्रजीतून पुन्हा देशी भाषेत आलेले होते! जेम्स लंट यांची आवृत्ती १९७० सालची. पुढे मधुकर उपाध्याय यांनी सीतारामाला पुन्हा अवधीत बोलते केले, तेव्हा एक वर्तुळ पुरे झाले खरे. मात्र हरवलेली मूळ अवधी त्यामुळे परत आली असे म्हणता येणार नाही.

हे सारे मान्य करूनही मला असे वाटते, की खऱ्याखोट्याच्या या वादात पुस्तकाचा गाभाच नजरेआड झाला आहे. सीतारामाचे आत्मकथन लढायांचे पुस्तक म्हणून वाचले जाते. वस्तुतः ते एका घराचे पुस्तक आहे.

त्याच्या भरतीचीच हकिकत पाहा. बाप गंगादीन हा तिलोईचा शेतकरी ब्राह्मण. फौजेत जमादार असलेला मामा हनुमान रजेवर घरी येतो. त्याच्या गळ्यातील सोन्याच्या मण्यांची माळ आणि अंगातला लाल कोट यांनी पोरगा दिपून जातो. आईला मुलगा भिक्षुकी करणारा हवा आहे, तिचा विरोध आहे. बापाचे मन मात्र निराळ्याच कारणाने वळते. घराचा आंब्याच्या बागेवरून दावा चालू आहे, आणि मुलगा कंपनीच्या चाकरीत असला तर त्या दाव्याला वजन येईल, असा हिशेब आहे. हा हिशेब काल्पनिक नव्हता. अवधच्या शिपायाला आपल्या घरच्या तक्रारी लखनौच्या रेसिडेंटामार्फत नबाबाच्या दरबारी पोचवण्याची सवलत होती. साध्या शिपायाचा महिन्याचा पगार सात रुपये; घराला त्याहून मोलाची वाटे ती ही सवलत. १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा केले, तेव्हा ही सवलत संपली. नबाबच उरला नाही, तर रेसिडेंट रदबदली कोणापाशी करणार? १८५७ची कारणे सांगताना आपण काडतुसांपाशी इतके रेंगाळतो, की ही आंब्याची बाग आपल्याला दिसतच नाही.

लढायांचा तपशील येथे थोडक्यात पुरे. सीताराम १८१२ मध्ये भरती झाला. नेपाळची लढाई, पेंढाऱ्यांवरील मोहीम, भरतपूरचा वेढा, अफगाण युद्ध, शिखांशी झालेली युद्धे आणि अखेर १८५७, असा अठ्ठेचाळीस वर्षांचा हा पट आहे. सुभेदारी मिळाली तेव्हा शरीर थकलेले होते. १८६० मध्ये तो पेन्शनीत निघाला. बढती गुणांवर मिळत नसून केवळ ज्येष्ठतेवर मिळते आणि म्हाताऱ्या माणसांच्या हाती पलटणी येतात, ही त्याची तक्रार कुणा इंग्रज सुधारकाने त्याच्या तोंडी घातली असेल, अशी शंका घ्यायला जागा आहे. मीही ती घेतो.

परंतु गावी परतण्याचे जे प्रसंग आहेत, तेथे ही शंका बोथट होते. एका मोहिमेत जखमी होऊन पडला असता तो हलक्या मानलेल्या जातीच्या मुलीच्या हातचे पाणी पितो. जीव वाचतो, जात जाते. पुढे सिंधू ओलांडून अफगाणिस्तानात जातो, काबूलहून झालेल्या १८४२च्या पळापळीत पकडला जातो, गुलाम म्हणून विकला जातो, आणि महत्प्रयासाने सुटून येतो तेव्हा आपलीच माणसे त्याला जातीबाहेर धरतात. प्रत्येक वेळी प्रायश्चित्त, ब्राह्मणभोजन, आणि त्याचा खर्च. युद्धात मिळवायचे आणि युद्धामुळे गेलेली जात परत मिळवण्यासाठी ते घालवायचे! आपल्या मराठी आत्मचरित्रांतही प्रायश्चित्ताचे प्रसंग पुष्कळ आहेत, पण ते प्रायः विलायतेला जाऊन आलेल्या किंवा पुनर्विवाह केलेल्या सुशिक्षितांचे. सात रुपयांच्या शिपायाचे प्रायश्चित्त आपल्या वाचनात क्वचितच येते.

आणि मग तो मुलगा. लखनौच्या बाजूला बंडवाल्या शिपायांना पकडून आणले जाते, त्यांना गोळ्या घालण्याच्या कामावर सीतारामाची नेमणूक होते. तो कैद्यांना नाव व पलटण विचारतो, आणि एक जण जे नाव सांगतो ते त्याच्या मुलाचे असते. सीताराम त्याच्या प्राणांची भीक मागत नाही. हे काम माझ्याकडून काढून घ्यावे, एवढीच विनंती करतो. अधिकाऱ्याचा आधी विश्वास बसत नाही, मग विनंती मान्य होते. मुलाला गोळी घातली जाते, आणि बापाला अंत्यविधी करू दिले जातात, ही साहेबाची मेहेरबानी म्हणून नोंदवली जाते.

वर्गात हा प्रसंग सांगितला, की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. ‘हा गद्दार’ ही पहिली, आणि ‘हे इंग्रजांनीच रचलेले’ ही दुसरी. दोन्हींमुळे वाचकाची सुटका होते, म्हणून मला दोन्ही अमान्य आहेत. नॉर्गेटला राजनिष्ठ शिपायाची कहाणी हवी होती, हे उघड आहे. पण राजनिष्ठेची कहाणी सजवायची, तर बापाने हुकूम पाळला असे दाखवणे अधिक सोयीचे होते. येथे तो हुकमातून सुटका मागतो, आणि त्याहून अधिक त्याला काय हवे असते, तर मुलाचा देह कोल्ह्यागिधाडांच्या तोंडी जाऊ नये. आयुष्यभर स्वतःच्या जातीसाठी पैसे मोजलेला हा माणूस मुलाच्या वेळी मंत्राग्नीपुरताच उरतो. हा तपशील कुणाच्याही हातचा असो, तो राजनिष्ठेच्या चौकटीत नीट बसत नाही.

गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची आठवण येथे अपरिहार्य आहे. तेही १८५७चेच कथन, तेही दुसऱ्याच्या, म्हणजे चिंतामणराव वैद्यांच्या, सांगण्यावरून लिहिलेले. वैद्यांनी १९०७ साली ते आपल्या संस्कारांसह छापले. मूळ बखर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये पुढे आणली, म्हणून कोठे काय गाळले आणि कोठे काय मवाळ केले हे आपण ओळीओळीने दाखवू शकतो. सीतारामाच्या बाबतीत शेजारी ठेवायला दुसरी प्रत नाही. आपल्या अभ्यासक्रमांत ‘आत्मचरित्र’ हा वाङ्मयप्रकार शिकवताना लेखक एक आणि लेखणी एक असे गृहीत धरले जाते. माझी सूचना अशी, की ‘माझा प्रवास’च्या दोन्ही प्रती आणि सीतारामाची ही एकच, परक्या भाषेतली प्रत एकत्र शिकवावी. पहिल्या तासाला मात्र बंडाचा नकाशा काढू नये. आंब्याच्या बागेपासून आरंभ करावा.