गोठ्यापर्यंत पोचणारी शिष्यवृत्ती

शिष्यवृत्ती हा आपल्याकडे बहुधा दयेचा विषय मानला जातो. हुशार पण गरीब विद्यार्थ्याला समाजाने दिलेला हात, एवढाच तिचा अर्थ आपण घेतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती एक गुंतवणूकही असते, आणि गुंतवणूक म्हटली की तिचे फळ कोणाच्या पदरात पडते हे पाहावे लागते. पशुवैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत तर हा प्रश्न विचारण्यास आधीच उशीर झाला आहे.

2019 च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 3 कोटी 30 लाख पशुधन आहे. दर 5,000 पशुघटकांमागे एक पशुवैद्यक असावा, अशी शिफारस राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 मध्ये केली होती. शेळ्यामेंढ्या बाजूला ठेवून केवळ गाईम्हशी मोजल्या, तरी ती संख्या दोन कोटींच्या आसपास जाते. म्हणजे त्यांच्यासाठीच चार हजारांच्या घरात पशुवैद्यक हवेत, आणि तेही रात्री अडलेल्या म्हशीसाठी वाडीवर जाण्याची तयारी असलेले. नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे, तर इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात तग धरणारी डांगी गाय, सिन्नर-निफाडकडील संकरित दुभती जनावरे आणि कोरडवाहू भागातील संगमनेरी शेळी, या प्रत्येकीचे आजार व गरजा वेगळ्या आहेत.

हे शिक्षण सोपे वा स्वस्त नाही. आंतरवासितेच्या वर्षासह पदवीला साडेपाच वर्षे लागतात. माणसांच्या वैद्यकाचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशकातच आहे. जनावरांचा वैद्य होऊ इच्छिणाऱ्या इथल्या मुलाला मात्र मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर किंवा नागपूर असे घरापासून दूरचे महाविद्यालय गाठावे लागते. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना, डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या या सर्वांचे मोल मोठे आहे. परंतु त्या विद्यार्थ्याला पदवीपर्यंत नेऊन थांबतात. पुढे तो कोठे जावा, याविषयी त्या काही सुचवीत नाहीत.

तो बहुधा शहराकडे वळतो. त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. पाळीव कुत्र्यामांजरांवर उपचार करणे हेही त्याच्या विद्येचेच काम आहे, आणि तेथे शुल्क देणारा मालक भेटतो. सुरगाण्याच्या शेळीपालकाला मात्र उपचाराचा खर्च शेळीच्या किमतीशी ताडून पाहावा लागतो. खर्च जड झाला, तर तो जनावर दैवावर सोडतो. बाजाराच्या नियमाने पशुवैद्य त्याच्या दारी येणे कठीण आहे.

पण त्या एका गोठ्यातील आजार त्याच गोठ्यात राहत नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी त्वचारोग आढळला आणि पाहता पाहता तो राज्यभर पसरला. सरकारला गोवंशाचे लसीकरण करावे लागले. शिवाय दगावलेल्या दुभत्या गाईमागे 30,000, बैलामागे 25,000 आणि वासरामागे 16,000 रुपये साहाय्य द्यावे लागले. मेलेल्या जनावरासाठी तिजोरी उघडते, तर जनावर जगवणाऱ्याच्या शिक्षणासाठी ती हात का आखडते? ब्रुसेलोसिस, रेबीज हे रोग जनावरांकडून माणसांत येतात, हेही सकाळी दुधाची पिशवी फोडणाऱ्या शहरवासीयाने ध्यानात ठेवावे.

म्हणून पशुधनवैद्यकाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक स्वतंत्र शिष्यवृत्ती असावी. राज्य सरकार, जिल्हा परिषद आणि दूध संघ यांनी तिचा भार वाटून घ्यावा. तिचा काही भाग शेवटच्या दोन वर्षांत व आंतरवासितेत मिळावा आणि उरलेला, अधिक मोठा भाग पदवीनंतर ठरलेल्या तालुक्यात सेवा केल्यावर वर्षावर्षाने मिळावा. अमेरिकेने 2003 मध्ये याच धर्तीचा कायदा केला. पशुवैद्यकांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम पत्करणाऱ्याचे शैक्षणिक कर्ज तेथे सरकार फेडते. 2010 पासून हे साहाय्य प्रत्यक्ष मिळू लागले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. श्रीमंताचा मुलगा मोकळा आणि गरिबाचा मुलगा खेड्याला बांधलेला, असे तर होणार नाही? म्हणूनच ही योजना ऐच्छिक आणि सर्वांना खुली असावी, व आजच्या कोणत्याही शिष्यवृत्तीला तिने धक्का लावू नये. गरिबाचा शिक्षणाचा हक्क हा सेवेच्या अटीवर तोलण्याचा विषय नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. याच जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कवळाणे येथे जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी 1913 मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची सेवा करावी, असा करार होता. 1917 मध्ये बाबासाहेब बडोद्यास रुजूही झाले. पण अस्पृश्यतेने त्यांना राहायला जागा मिळू दिली नाही आणि थोड्याच दिवसांत त्यांना ते शहर सोडावे लागले. त्या अन्यायाची तुलना आजच्या गैरसोयींशी करणे अनुचित ठरेल. तरी एवढा बोध घ्यावाच लागतो, की ज्या गावी सेवा करावयाची ते गाव सेवकाला सन्मानाने ठेवून घेत नसेल, तर उदारातला उदार करारही निष्फळ होतो.

तेव्हा शिष्यवृत्तीच्या जोडीला दवाखान्याजवळ राहण्याजोगे घर हवे, औषधे व लसी ठेवण्यास चालू स्थितीतले शीतकपाट हवे, आणि एकटीने रात्री-अपरात्री वाडीवर जाणाऱ्या तरुण डॉक्टरणीसाठी वाहन व सोबत हवी. यांपैकी काहीही आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. जिल्हा परिषदेने येत्या अंदाजपत्रकात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या चार तालुक्यांसाठी अशा चार शिष्यवृत्त्यांपासून आरंभ करावा. पाच-सहा वर्षांनी हिशेब मांडताना पदव्या किती दिल्या एवढे मोजून भागणार नाही. किती गोठ्यांत वैद्य वेळेवर पोचला, हेही मोजावे लागेल.