फावल्या वेळातलं फंक्शनल: सहलीचा हिशेब



मागच्या खेपेला रिकर्शनवर लिहिलं, त्यावर एका वाचकाने विचारलं, "फॅक्टोरियल आणि फिबोनाची आमचे कॉलेजातच झाले. रोजच्या कामात या हॅस्केलचा उपयोग काय, ते सांगा की!" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज अगदी घरगुती प्रॉब्लेम घेतोय. चार घरं मिळून सहलीला गेली, ज्याला जमेल तसा त्याने खर्च केला. आता कोणी कोणाला किती द्यायचे? हा हिशेब मी एकदा चुकवलाय, आणि त्यापायी एक घर दोन वर्षं आमच्याशी धड बोलत नव्हतं.

झालं असं. २०१९ च्या लेबर डेला आम्ही पाच कुटुंबं शेनान्डोआला केबिन घेऊन राहिलो. किराणा एकाने आणला, पेट्रोल दुसऱ्याने भरलं, पिझ्झा तिसऱ्याने मागवला. परत आल्यावर "तू कॉम्प्युटरवाला, तूच कर हिशेब" असं सर्वानुमते ठरलं. (इथे पाचही घरांत कॉम्प्युटरवालेच आहेत, पण ते असो.) मी रविवारी चहा पिता पिता पायथॉनमध्ये वीस ओळी खरडल्या आणि यादी सगळ्यांना पाठवून दिली. सगळ्यांनी निमूट पैसे दिले-घेतले. विषय संपला.

२०२१ च्या उन्हाळ्यात परत सहल ठरवायला घेतली, तर एक घर येईचना. कधी मुलाची स्विमिंगची मीट, कधी ऑफिसचं काम. शेवटी वहिनी आमच्या सौ.ला फोनवर म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडचे हिशेब आम्हाला झेपत नाहीत." सौ.ने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने जुनी फाईल उघडली.

एकूण खर्च १४०० डॉलर, म्हणजे घरटी २८०. कोणी किती खर्च केला होता आणि माझ्या यादीत काय छापलं गेलं, ते बघा:

अ: खर्च ४१०. येणं १३०. यादीत: देणं ११०.
ब: खर्च ३००. येणं २०. यादीत: देणं ३०.
क: खर्च २७०. देणं १०. यादीत: देणं १०.
ड: खर्च २५०. देणं ३०. यादीत: येणं २०.
इ: खर्च १७०. देणं ११०. यादीत: येणं १३०.

लक्षात आलं का? आकडे सगळे बरोबर आहेत, फक्त नावांपुढे चुकीचे बसलेत. माझ्याकडे दोन लिस्ट होत्या, एक नावांची आणि एक बाकीची. सगळ्यात जास्त देणं कोणाचं हे काढायला मी बाकीची लिस्ट सॉर्ट केली. पायथॉनमध्ये 'सॉर्टेड' म्हटलं तर नवी लिस्ट मिळते, आणि लिस्टलाच 'सॉर्ट' म्हटलं तर ती जागच्या जागी बदलते. मी दुसरं केलं. नावं होती तिथेच राहिली आणि आकडे सरकले. पुढे यादी छापताना तीच बदललेली लिस्ट वापरली गेली.

आता यातली खरी मेख सांगतो. 'क' म्हणजे मी. पाठवायच्या आधी मी तपासणी केली नव्हती असं नाही, पण स्वतःचा आकडा तपासला. तो योगायोगाने बरोबर होता! बेरीजही शून्य येत होती, कारण आकडे तेच होते. आणि ज्या मित्राला १३० मिळायचे, त्याने उलट ११० पाठवून दिले. मित्रांत पैशावरून कशाला बोलायचं, म्हणून गप्प बसला. आपल्या लोकांचा भिडस्तपणा म्हणजे सगळ्यात वाईट टेस्टर. बग सापडतो, पण रिपोर्ट होत नाही.

तर हाच प्रॉब्लेम हॅस्केलमध्ये कसा मांडायचा ते पाहू. कीर्द आणि खतावणी हे शब्द आठवत असतील. कीर्दीत व्यवहार घडतील तसे लिहायचे, आणि त्यावरून खतावणीत प्रत्येकाच्या नावाचं खातं मांडायचं. कीर्दीत खाडाखोड करायची नाही, चूक झाली तर नवी नोंद टाकायची. फंक्शनल प्रोग्रॅमिंगचं तत्त्व नेमकं हेच आहे. आपला प्रोग्रॅम असा जातो:

बिलं → कीर्द → खतावणी → देणीघेणी

तीन बाण, तीन फंक्शनं.

पहिलं फंक्शन एक बिल घेतं आणि नोंदींची लिस्ट देतं. नोंद म्हणजे नाव आणि रक्कम यांची जोडी. अ ने ९० डॉलरचा किराणा तिघांसाठी आणला, तर चार नोंदी: अ जमा ९०, आणि अ, ब, क प्रत्येकी नावे ३०. सगळ्या बिलांवर हे फंक्शन 'कॉन्कॅटमॅप'ने चालवलं की कीर्द तयार.

दुसरं फंक्शन एका ओळीचं आहे. 'मॅप' लायब्ररीतलं 'फ्रॉमलिस्टविथ' घ्यायचं आणि त्याला अधिक चिन्ह द्यायचं. एकाच नावाच्या नोंदी आल्या की रकमांची बेरीज होते. झाली खतावणी. इथे नाव आणि आकडा हातात हात घालूनच फिरतात, दोन वेगळ्या लिस्ट नाहीतच.

तिसरं फंक्शन रिकर्सिव्ह. सगळ्यात मोठा देणेकरी आणि सगळ्यात मोठा घेणेकरी शोधायचा, दोघांतली लहान रक्कम चुकती करायची, आणि उरलेल्या खतावणीवर तेच फंक्शन परत लावायचं. दर फेरीत निदान एक घर मोकळं होतं आणि शेवटच्या फेरीत दोन. म्हणून पाच घरांना जास्तीत जास्त चार व्यवहार पुरतात. या फंक्शनने आत कितीही सॉर्टिंग केलं तरी बाहेरच्या खतावणीला धक्का लागत नाही, कारण हॅस्केलमध्ये सॉर्ट केल्यावर नवी लिस्ट मिळते आणि जुनी जशीच्या तशी राहते. "माझी लिस्ट मध्येच कोणी बदलली?" हा प्रश्नच उरत नाही.

पण म्हणून हॅस्केल घेतलं की चुका बंद, असं कोणी समजू नये. सॉर्ट केलेली लिस्ट नावांना चिकटवायचा गाढवपणा तिथेही करता येतो. कंपायलर काहीही म्हणणार नाही. त्यावर उपाय म्हणजे क्विकचेक. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातल्या कून क्लासेन आणि जॉन ह्यूज या दोघांनी ते २००० साली प्रसिद्ध केलं. त्यात आपण एकेक उदाहरण लिहीत बसत नाही. नियम लिहायचे, उदाहरणं ते तयार करतं, एरवी एका नियमाला शंभर. नियम मोडला तर मोडणारं उदाहरण शक्य तितकं लहान करून दाखवतं.

मी दोन नियम लिहिले. पहिला: सगळ्यांच्या बाक्यांची बेरीज शून्य. हा तर माझ्या चुकलेल्या प्रोग्रॅमनेही पाळला असता. दुसरा: नावांची यादी कशीही पिसा, प्रत्येकाचा आकडा तोच यायला हवा. २०१९ चा बग या नियमापुढे टिकला नसता, कारण त्यात जो यादीत पहिला त्याच्या माथी सगळ्यात मोठं देणं जात होतं.

मोठ्या आत्मविश्वासाने क्विकचेक चालवलं, तर दुसरा नियम मोडला! उदाहरण काय दिलं? दोन घरं, एक सेंटचं बिल. :-)

कारण असं. डॉलर अपूर्णांकात ठेवले तर कॉम्प्युटरला ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ सुद्धा धड येत नाही, म्हणून मी पूर्णांकात सेंट धरले होते. १०० डॉलर तिघांत वाटले की प्रत्येकी ३३.३३ आणि एक सेंट उरतो. उरलेले सेंट मी "यादीतल्या पहिल्यांकडे" टाकले होते. म्हणजे यादीत जो पहिला त्याला भुर्दंड, ही माझी खोड काही गेली नव्हती. आता नियम बदलला: ज्याने बिल भरलं त्यानेच वरचे सेंट सोसायचे. यादीचा क्रम कुठेच येत नाही, बेरीज शून्यच राहते, आणि शंभरच्या शंभर उदाहरणं पास.

एक गोष्ट मात्र कुठलाही कंपायलर सांगत नाही. बिलाच्या टाईपमध्ये मी तीन गोष्टी ठेवल्या: कोणी भरलं, किती सेंट, आणि कोणासाठी. तिसरी लिहिताना हात थबकला. २०१९ च्या यादीत मी सगळं सरसकट पाचांत वाटलं होतं. लहान मुलांचा अर्धा वाटा धरायचा का? जे एक दिवस आधी निघाले त्यांचं काय? हे ठरवायला पाच घरांत बोलावंच लागतं. टाईप लिहिताना प्रश्न डोळ्यांसमोर आला, एवढंच त्याचं काम.

शेवटी मी त्या मित्राला फोन केला आणि चूक कबूल केली. इ ने अ ला २४० आणि ड ने ब ला ५० दिले की सगळं जागेवर येत होतं, आणि दोघांनीही तत्काळ दिले. मित्र म्हणाला, "अरे, पैशाचं काही नव्हतं. यादीखाली 'एकदा बघून घ्या' एवढं तरी लिहायचंस." खरंय. त्या वर्षी सहलीला पाचही घरं आली, आणि यादीखाली मी ठळक अक्षरात लिहिलं: चूकभूल द्यावी घ्यावी.

तुमच्या ऑफिसात हॅस्केल नसेल, नसू दे. जावामध्ये २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून स्ट्रीम आहेत, सी-शार्पमध्ये २००७ पासून लिंक आहे, पायथॉनमध्ये क्विकचेकच्या धर्तीवरची हायपोथेसिस लायब्ररी आहे. सोमवारी एवढंच करून बघा: हातातल्या कोडमध्ये कुठे जागच्या जागी सॉर्ट केलंय ते शोधा, आणि ती लिस्ट पुढे कोण कोण वापरतंय ते पाहा.

जाता जाता गृहपाठ. वरच्या दुरुस्तीत चार घरं होती, पण व्यवहार दोनच लागले, तीन नाहीत. असं कधी होतं? कमीत कमी व्यवहार शोधणं घरं वाढली की भलतंच अवघड होत जातं, पण पाच घरांसाठी सगळ्या शक्यता तपासता येतात. उत्तरं जरूर पाठवा, पुढच्या खेपेला त्यावरच बोलू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
फावल्या वेळातला प्रोग्रॅमर