यादी वाचली, खेळ राहिलाच

‘मार्व्हल्स स्पायडरमॅन’ हा गेम ७ सप्टेंबर २०१८ रोजी प्लेस्टेशन ४ वर आला. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याची सरासरी ८७ वर जाऊन बसली आणि तेव्हापासून एक तक्रार काही केल्या थांबत नाही. अलीकडे एका जाणकार गृहस्थांनी ती पुन्हा उगाळली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा तोच जुना ओपन वर्ल्ड गेम, फक्त वरून लाल-निळा पोशाख चढवलेला. टॉवर दुरुस्त करा, बॅगा गोळा करा, कबुतरं पकडा, गुंड बडवा. मारामारी बॅटमॅनच्या गेममधून उचललेली. समीक्षकांना आपलं बालपण आठवलं आणि त्यांनी गुण उधळले.

बालपणाचा मुद्दा आधी निकालात काढतो. २०१४ साली ‘द अमेझिंग स्पायडरमॅन २’ आला होता. नायक तोच, शहर तेच, मोकळीकही तीच. समीक्षकांनी त्याला चांगलंच झोडपलं. तेव्हा या सगळ्यांचं बालपण कुठे गेलं होतं?

मारामारी बॅटमॅनवरून घेतली आहे, हे खरं. पण बॅटमॅन पाय रोवून समोरच्याचा वार परतवतो, स्पायडरमॅन वार चुकवतो आणि शत्रूला हवेत उचलून तिथेच लोळवतो. दोघांच्या स्वभावातला फरक या मारामारीतही उतरला आहे.

आता त्यांचा लाडका मुद्दा: यादी. मॅपवर खुणांची गर्दी आहे, हे कबूल. पण एका खुणेपासून दुसरीपर्यंत जाताना काय घडतं, याबद्दल या गृहस्थांनी अवाक्षर काढलेलं नाही, आणि खरा गेम नेमका तिथे आहे. कंट्रोलरवरचं आर टू बटण दाबून धरलं की जाळं सुटतं आणि खऱ्या इमारतीला चिकटतं. झोका खालून वर येताना बटण लवकर सोडलं तर वेग मिळतो, टोकाला सोडलं तर उंची. मुद्दाम छतावरून खाली झेप घ्यायची, रस्ता अंगावर येईपर्यंत थांबायचं आणि मग जाळं फेकायचं. तो साठलेला वेग पुढच्या झोक्यात उतरतो. मिडटाउनच्या उंच इमारतींमध्ये ही लय सहज सापडते. उत्तरेला हार्लेममध्ये इमारती बुटक्या होतात आणि तीच लय मोडते. सेंट्रल पार्कमध्ये तर झाडांचाच आधार, त्यामुळे पाय जवळजवळ गवताला लागतात. मॅनहॅटनचा भूगोल हा गेम असा बोटांना शिकवतो. गेममध्ये सबवेने झटपट जायची सोय आहे. ती वापरून मॅपवरच्या खुणा खोडत बसलं, तर गेम कंटाळवाणा वाटणारच. कबुतरांचा पाठलाग ज्यांना हमाली वाटते, त्यांनी तो एकदा नीट करून पाहावा. पाखरू वळेल तसं वळायचं, इमारत मध्ये आली तरी वेग पडू द्यायचा नाही. झोक्याची इतकी कडक परीक्षा गेममध्ये क्वचितच होते.

आणि ही गोष्ट आयती मिळालेली नाही. २००० सालच्या गेममध्ये जाळं आकाशालाच चिकटायचं आणि खाली रस्त्यांच्या जागी धुकं भरलेलं असायचं. २००४ च्या ‘स्पायडरमॅन २’ मध्ये ते पहिल्यांदा इमारतींना चिकटू लागलं. त्यानंतर बरीच वर्षं त्या उंचीचं काही आलं नाही. नवीन काय, असं विचारणाऱ्याला हा इतिहास ठाऊक हवा.

माझा हा वाद तसा जुना आहे. कादंबरीचं कथानक सांगितलं की समीक्षा झाली असं मानणारे पूर्वीही होते. त्यांना वाक्य कसं चालतं हे कधी दिसलं नाही. गाण्यावर लिहिताना फक्त शब्दांवर लिहिणारेही त्याच पंथाचे. गेमच्या वाट्याला ही माणसं आता आली आहेत. मिशन किती, खुणा किती, तास किती हे मोजतात. हात काय करतो, ते बघत नाहीत.

बॅगांचंच पाहा. शहरभर ५५ आहेत, आणि गृहस्थांच्या लेखी ते ५५ वेळा खर्डेघाशी केल्यासारखं. या गेममधला पीटर तेवीस वर्षांचा आहे, स्पायडरमॅन होऊन त्याला आठ वर्षं झाली आहेत. कोळी चावल्याची कथा गेम पुन्हा सांगत नाही. ती आठ वर्षं या बॅगांमध्ये आहेत. एकीत सँडमॅनच्या वाळूची कुपी निघते, पीटर त्यावर दोन वाक्यं बोलतो, आणि आपण न पाहिलेली एक अख्खी लढाई आपल्याला कळते.

त्यांच्या लेखात एकच मुद्दा खरा वजनदार होता आणि तोच त्यांनी एका ओळीत उरकला. टॉवर दुरुस्त करणं म्हणजे पोलिसांचं पाळत ठेवणारं जाळं स्वतःच्या हातांनी चालू करणं. अमेरिकेतल्या काही समीक्षकांनी हे ठामपणे मांडलं आणि ते बरोबर होतं. सेबल या खासगी कंपनीच्या भाडोत्री फौजेवर गेम राग धरतो, पोलिसांना मात्र एक प्रश्न विचारत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, कारण तो हातांनी केलेल्या कृतीतून निघतो. पीटरची मैत्रीण मेरी जेन हिची लपतछपत जायची मिशनं फिकी आहेत आणि गाड्यांचे पाठलाग एकाच साच्यातले आहेत, हेही मी मान्य करतो.

तरी ८७ गुण योग्यच होते. झोका हे पहिलं कारण, ऑटो ऑक्टेव्हियस हे दुसरं. पीटर त्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. तिथे सर्किट जुळवायची कोडी सोडवावी लागतात. कैक जणांनी ती भरताड म्हणून निकालात काढली. पण ऑटोच्या कृत्रिम अवयवांचं संशोधन पुढे नेणारी ती कामं आपणच करतो, त्याच्या कौतुकासाठी करतो. त्या संशोधनातून जे यांत्रिक हात उभे राहतात, तेच शेवटी गच्चीवर आपला गळा धरतात. त्या लढतीत पीटर ओरडतो तेव्हा त्याच्या आवाजात रागापेक्षा दुखावलेपण जास्त आहे, आणि ते खेळणाऱ्यालाही लागतं, कारण त्या प्रयोगशाळेत तोही राबलेला असतो. गृहस्थांनी हा प्रवेश पाहिला असेल, तर त्यांच्या लेखात त्याचा उल्लेख का नाही, एवढं त्यांनी सांगावं.