परंडेकरांनो, छोटा कॅमेरा घ्या आणि किल्ल्यात जा

कोणता कॅमेरा घेऊ, असे गावातली पोरे विचारतात तेव्हा माझे उत्तर ठरलेले असते. छोटा मिररलेस घ्या, शक्यतो सेकंडहँड घ्या, आणि एकच अट पाळा: डोळा लावून बघायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, त्याला असलाच पाहिजे. मेगापिक्सेल किती, फोर-के आहे का, यावर रात्री जागवू नका.

ही अट का, ते एप्रिलमध्ये सकाळी अकरा वाजता परंड्याच्या किल्ल्यात उभे राहिल्यावर कळते. उन्हात कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा काळा ठिक्कर पडतो, समोर काय टिपतोय ते दिसतच नाही. सोनीचा झेडव्ही-ई१० किंवा निकॉनचा झेड३० हे वाईट कॅमेरे नव्हेत. पण ते व्हिडिओ करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले आहेत आणि दोघांनाही व्ह्यूफाइंडर नाही. खोलीत बसून बोलायचे असेल तर खुशाल घ्या. सीनाकाठच्या उन्हात ते तुम्हाला अंदाजपंचे काम करायला लावतील. त्यापेक्षा २०१४ साली आलेला सोनीचा ए६००० बरा. बॅटरी आणि कार्ड धरून वजन ३४४ ग्रॅम, २४ मेगापिक्सेल, व्ह्यूफाइंडर आहे आणि तो खूप विकला गेल्यामुळे जुन्या बाजारात सापडतो. नवाच हवा असेल तर कॅननचा आर५० आहे, तोही ३७५ ग्रॅमच.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असतो. बटण दाबले की तो खटकन वर जातो आणि मग फोटो निघतो. मिररलेसमध्ये आरसाच नाही. उजेड थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसते तेच खिडकीतल्या इवल्याशा पडद्यावर तुम्हाला दिसते. लेन्स बदलता येणारा असा पहिला कॅमेरा, पॅनासॉनिकचा जी१, २००८ मध्ये आला. आज कॅनन आणि निकॉन या दोन्ही जुन्या कंपन्यांची नवी मॉडेल्स बहुतेक याच जातीची आहेत.

पहिल्यांदा हातात घेतला की हे खेळणे आहे असे वाटते. करंगळीला पकडायला जागा मिळत नाही. मेनू उघडला तर सरकारी कचेरीत शिरल्यासारखे होते, कोणते काम कोणत्या खिडकीवर ते कळत नाही. अंधारात व्ह्यूफाइंडरमधले चित्र दाणेदार होते, जरा रेंगाळतेही. आणि बॅटरी! पडदा सारखा चालू असल्यामुळे ती डीएसएलआरच्या मानाने भराभर उतरते. एका चार्जवर तीनेकशे फोटो धरून चला आणि दुसरी बॅटरी कॅमेऱ्याबरोबरच विकत घ्या. ही उधळपट्टी नव्हे. लोडशेडिंगच्या गावात ती गरज आहे.

या तक्रारी दोन-चार आठवड्यांत बोथट होतात. उरतो तो फायदा. मोठा डीएसएलआर आणि लांब लेन्स घेऊन बाजारात उभे राहा, लोक आधी विचारतात, ‘कुठल्या पेपरचे?’ मग टोपी नीट करतात, शर्टाचे बटण लावतात, ताठ उभे राहतात. छोट्या कॅमेऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मात्र याचा अर्थ लपूनछपून फोटो काढा असा नाही. आधी काका, मामा म्हणून दोन शब्द बोला, विचारा, मग काढा. आयाबायांचे आणि लेकरांचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय काढूच नका.

आवाज न करता फोटो काढायची सोय बऱ्याच मिररलेसमध्ये असते (ए६००० मध्ये मात्र नाही), ती कीर्तनात फार उपयोगी पडते. हंसराज स्वामींच्या मठात किंवा डोमगावला कल्याण स्वामींच्या समाधीपाशी खटखट आवाज करणारा फोटोग्राफर लोकांना नकोसा होतो. पण एक खोड लक्षात ठेवा. एलईडी ट्यूबखाली या मुक्या शटरने काढलेल्या फोटोत आडवे पट्टे उमटतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले की पट्टे बहुधा जातात, नाही गेले तर साधे शटर वापरा. आणि सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला जाणार असाल तर कॅमेरा आणि खाऊ एका पिशवीत ठेवू नका. तिथल्या माकडांना दोन्हींतला फरक कळतो, पण पिशवी ती आख्खी नेतात.

आता मुख्य गोष्ट, किल्ला.

आपला भुईकोट बहमनी काळातला. तो महमूद गावानने बांधला असे मानले जाते. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेले तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले आणि निजामशाहीची राजधानी परंड्याला आली. पुढे १६३४ मध्ये शाहजहानच्या फौजेने वेढा घातला आणि किल्ला न घेताच ती परतली. विजापूरला सगळे जग जिचा फोटो काढते ती मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली गेली, नंतर परंड्यात होती आणि १६३२ मध्ये इथून विजापूरला गेली. तिचे वजन साधारण ५५ टन सांगतात. ती गेली, पण बुरुजांवर फारसी अक्षरे कोरलेल्या तोफा अजून आहेत. त्यांच्यावर बसून काढलेले सेल्फी आपल्या मोबाइलमध्ये भरपूर आहेत. अक्षरे वाचता येतील असा एक तरी फोटो कोणाकडे आहे का, आपापला मोबाइल चाळून पाहा.

म्हणून माझे सांगणे असे की कॅमेरा घेतलाच आहे तर तो या कामाला लावा. सूर्यास्त, पाखरांचे थवे आणि लग्नाआधीचे जोडप्यांचे फोटो काढायला कोणाची ना नाही. पण असे फोटो कुठल्याही गावात निघतात.

किल्ल्यात पहिला धडा उजेडाचा. आपला दगड काळा आणि आभाळ पांढरेफटक. समोर काळी भिंत आली की कॅमेऱ्याला वाटते फार अंधार आहे. मग तो सगळेच उजळवतो. दगड राखाडी होतो, आभाळ धुऊन निघते. यावर उपाय सोपा आहे. एक्स्पोजर कमी करायचे चाक उणे ०.७ किंवा उणे १ वर न्या. मिररलेसचा खरा गुण इथे दिसतो, कारण चाक फिरवताना चित्र डोळ्यांसमोर गडद होत जाते आणि कुठे थांबायचे ते तुम्हीच ठरवता. डीएसएलआरच्या आरशातून पाहताना हे कळत नाही, फोटो काढून मग पाठीवर बघावे लागते. रॉ, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाइल, ठेवा. काळोखातला तपशील घरी कॉम्प्युटरवर वर आणता येतो, जळालेले आभाळ कोणाच्याने परत येत नाही.

कोरीव अक्षरांना समोरून फ्लॅश मारलात तर ती सपाट होऊन नाहीशी होतात. त्यांना तिरपे ऊन लागते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तोफेला बाजूने घासून जाते तेव्हा जा. ऊन त्या बाजूला पोचतच नसेल तर मित्राला टॉर्च घेऊन एका कडेला उभे करा आणि उजेड आडवा पाडा. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, तेल, रांगोळी, नाणे घासणे, यातले काहीही करू नका. तोफ चारशे वर्षे टिकली ती आपल्या फोटोसाठी नव्हे.

किल्ल्यातल्या मशिदीचे खांब देवळाच्या घडणीचे आहेत, ते बारकाईने टिपण्यासारखे आहेत. आत उजेड कमी. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नका. दाणेदार फोटो वाचता येतो, हललेला येत नाही. कोपरे बरगड्यांना टेकवा, श्वास सोडता सोडता हळूच बटण दाबा आणि प्रत्येक खांबाचे तीन तीन फोटो घ्या, एक तरी ठाम निघतो. तिपाई किंवा ड्रोन न्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. हातातल्या कॅमेऱ्याने होणारे काम इतके आहे की ते आधी संपू द्या.

कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सला नावे ठेवणारे भेटतील. सोनीची १६-५० लेन्स ११६ ग्रॅमची आहे, कडेला जरा मऊ आहे, पण बुरूज, बारव, दरवाजा, खंदक या सगळ्याला ती पुरते. लेन्स बदलणे किल्ल्यात टाळाच. बऱ्याच स्वस्त मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो आणि आपल्या उन्हाळ्यातली वावटळ त्याला सोडत नाही. बदलायचीच असेल तर भिंतीच्या आडोशाला, कॅमेऱ्याचे तोंड खाली करून बदला.

जुना कॅमेरा घेताना बिल मागा, लेन्समध्ये टॉर्चचा उजेड टाकून बुरशीची जाळी आहे का ते पाहा. आणि घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे त्यातली तारीख आणि वेळ बरोबर लावा. बरेच दिवस पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात तारीख भलतीच असते. सुंदर फोटो आला तरी २०२५ चा पावसाळा २०१४ मध्ये जाऊन बसेल. या सामान्य वाटणाऱ्या गोष्टीवर पुढचे सगळे काम उभे आहे.

कारण तटाच्या सांध्यात पिंपळाचे रोप आले, पावसाळ्यानंतर दोन चिरे सरकले, हे सांगून कोणी मनावर घेत नाही. त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून काढलेले मागच्या आणि या वर्षीचे दोन फोटो अर्जाला जोडले तर गोष्ट वेगळी होते. म्हणून कोणत्याही वस्तूचे आधी लांबून, मग जवळून, मग अगदी तपशिलाचे असे फोटो घ्या, आणि शेवटच्यात शाळेतली १५ सेंटिमीटरची फूटपट्टी दगडाला न चिकटवता शेजारी धरा. बुरूज कोणता, तोंड कुठल्या दिशेला, हे वहीत लिहा. छोट्या कॅमेऱ्यांत बहुधा जीपीएस नसते, जागा तुम्हीच लिहायची आहे.

आपला भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) संस्थानभर हिंडले ते लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या प्लेटांच्या पेट्या घेऊन. पुढे संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी परंड्याच्या किल्ल्यावर लिहिले. तेव्हा हे काम सरकारी माणसेच, सरकारी खर्चाने करू शकत. १९२५ मध्ये लायका बाजारात आला, तो कोटाच्या खिशात मावे. आज तर शेतावर जाताना पिशवीत टाकून नेता येतो. सामान नाही ही सबब आता उरलेली नाही. मोबाइलच पुरे नाही का, असे कोणी म्हणेल. व्हॉट्सअॅपवर टाकायचे असतील तर पुरे आहे. पण मोबाइल सावल्या आपल्या मर्जीने उजळतो, दगडाचा पोत गुळगुळीत करतो. दगड आहे तसा हवा असेल तर कॅमेरा लागतो.

काढलेले फोटो दोन ठिकाणी ठेवा, कॉम्प्युटरवर आणि वेगळ्या पेन ड्राइव्हवर. निवडक पन्नासेक फोटो बार्शीच्या एखाद्या स्टुडिओतून छापून घ्या, प्रत्येकाच्या मागे तारीख, जागा आणि स्वतःचे नाव पेन्सिलीने लिहा, आणि संच शाळेला किंवा वाचनालयाला द्या. शिक्षकांनी तो घेतल्याची नोंद रजिस्टरमध्ये करावी.

आणखी एक विनंती घरातल्या वडीलधाऱ्यांना. तुमच्या ट्रंकेत लग्नाचे, सहलीचे, शाळेच्या गटाचे जुने फोटो असतील आणि त्यांत मागे कुठेतरी किल्ल्याची भिंत, महाद्वार किंवा एखादी तोफ असेल. ते पोरांना दाखवा. पोरांनी ते खिडकीजवळ, फ्लॅश न मारता, कॅमेरा सरळ धरून टिपून घ्यावेत, मूळ फोटो त्याच दिवशी परत द्यावा, आणि फोटोतले कोण, साल कोणते, हे आजी-आजोबांना विचारून लिहून घ्यावे. हे काम या दिवाळीच्या सुट्टीत सुरू करा.